चढावर मोटर काय करते?

सोलापूरहून धाराशिवकडे येताना तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 460 मीटर उंचीवर आहे, तर तुळजापूर बालाघाटच्या डोंगररांगेत, सुमारे 650 मीटरवर. वर आल्यावरही रस्ता सलग सपाट नसतो. ओढ्याकडे उतार, ओढा ओलांडला की चढ. रोज सायकलने शाळेत येणाऱ्याला अंतरापेक्षा हे चढच दमवतात. असे का होते? आणि सायकलीला बसवलेली विजेची छोटी मोटर तेथे नेमके काय करते?

थोडे गणित करू. स्वार आणि सायकल यांचे मिळून वस्तुमान 90 किलोग्रॅम धरा. सपाट डांबरी रस्त्यावर, वारा नसताना, ताशी 15 किलोमीटर (सेकंदाला सुमारे 4.2 मीटर) वेगाने जाताना चाकांचे घर्षण व हवेचा रोध मिळून साधारण 13 न्यूटन बल विरोध करते. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ती झाली सुमारे 55 वॅट. निरोगी माणूस 75 ते 100 वॅट शक्ती बराच वेळ देऊ शकतो. म्हणून सपाटीवर सायकल हलकी वाटते.

आता 100 मीटरला 5 मीटर असा चढ घ्या. वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे 44 न्यूटन, आपल्याला मागे ओढू लागतो. एकूण विरोध 57 न्यूटन आणि त्याच वेगासाठी लागणारी शक्ती 240 वॅट! पायांनी 100 वॅटच दिले, तर वेग ताशी 7 किलोमीटरवर येतो. उरलेले 140 वॅट मोटर देते. म्हणजे तिचे खरे काम सायकल पळवणे नव्हे, चढ 'सपाट' करणे हे आहे.

पायडल मारले तरच मदत मिळावी, यासाठी संवेदक असतो. काही संवेदक पायडल फिरते आहे एवढेच ओळखतात. काही पायाचा जोरही मोजतात. जोराच्या प्रमाणात मदत करणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने 1993 मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरला मदत थांबवणारी अशी सायकल नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही.

बॅटरी पुरेल का? 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांच्या बॅटरीत 360 वॅट-तास ऊर्जा मावते. सोलापूर ते तुळजापूर उंचीतील फरक 190 मीटर. तेवढे वर चढण्याची ऊर्जा 90 × 9.8 × 190, म्हणजे सुमारे 1,67,600 ज्यूल किंवा 47 वॅट-तास. मोटरमधील नाश धरला, तरी केवळ उंचीसाठी बॅटरीचा पाचवा हिस्साही लागत नाही.

मग पाय स्वस्थ ठेवावेत का? नाही. चाकाच्या तुंब्यात बसवलेली मोटर चढावर फार हळू फिरू लागली, की जास्त विद्युतधारा घेते. धारा दुप्पट झाली, तर तारेतील उष्णता चौपट होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोटर आधीच तापलेली असते. पायांनी साथ देऊन वेग टिकवला, तर मोटर आणि बॅटरी दोन्ही वाचतात. उन्हात तापलेली बॅटरी सावलीत निवू द्यावी, मगच चार्ज करावी.

वर्गासाठी एक प्रयोग. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने शाळेजवळच्या चढाची उंची टप्प्याटप्प्याने मोजा. स्वाराचे व सायकलीचे वस्तुमान आणि चढायला लागलेला वेळ नोंदवा. वजन गुणिले उंची भागिले वेळ, एवढ्याने प्रत्येकाची शक्ती वॅटमध्ये निघेल. मग मुलांना विचारा : उतरताना ही सारी ऊर्जा जाते कोठे?