साखर ५०० च्या वर असतानाही डॉक्टर आधी पोटॅशियम का तपासतात?

पेशंट धापा टाकतोय, सलाईन सुरू आहे आणि ग्लुकोमीटरवर ५०० च्या वरचा आकडा. नातेवाइकांना एवढंच माहीत असतं की साखर वाढली म्हणजे इन्सुलिन हवं. डॉक्टर मात्र म्हणतात, "थांबा, पोटॅशियमचा रिपोर्ट येऊ द्या."

आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्यांना हा वेळकाढूपणा वाटू शकतो. तो तसा नाही. इन्सुलिन घाईने दिलं तर साखर उतरेल, पण हृदय बंद पडू शकतं.

या अवस्थेला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, डॉक्टरांच्या भाषेत डीकेए. टाइप १ मधुमेहात ती जास्त दिसते, पण टाइप २ चे पेशंटही यातून सुटत नाहीत.

कोठार भरलेलं, पेशी उपाशी

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींमध्ये ग्लुकोज आपोआप शिरत नाही. इन्सुलिनचा इशारा मिळाला की ग्लुट-४ नावाची प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोज आत घेतात. इन्सुलिनच नसेल तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशीत दुष्काळ.

शरीराला वाटतं, आपली उपासमार चालली आहे. मग यकृत आणखी साखर तयार करतं आणि चरबी भराभर वितळू लागते. त्या चरबीपासून यकृत कीटोन बनवतं. कीटोन वाईट नसतात. लांबलेल्या उपवासात मेंदू त्यांच्यावरच काम भागवतो. (साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात ती वेळ येत नाही, हा भाग वेगळा.) निरोगी माणसात थोडंसं इन्सुलिन सतत असतं आणि ते ब्रेकचं काम करतं. डीकेएमध्ये हा ब्रेकच निकामी होतो. कीटोन आम्लधर्मी असल्यामुळे रक्ताचा पीएच ७.३ च्या खाली जातो. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ असतो.

हे आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशंट खोल, जोराचे श्वास घेऊ लागतो. जर्मन डॉक्टर अॅडॉल्फ कुसमॉल यांनी १८७४ मध्ये या श्वसनाचं वर्णन केलं, म्हणून आजही त्याला त्यांचंच नाव आहे. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, कारण दोन्हीत अॅसिटोन असतं.

घर रिकामं, अंगण भरलेलं

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे.

शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत त्याचं प्रमाण लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर बाहेर रक्तात फक्त ३.५ ते ५. ही तफावत टिकवणारा एक पंप प्रत्येक पेशीच्या पटलावर असतो. तो सोडियमचे तीन आयन बाहेर काढतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

या तफावतीमुळेच पेशीच्या पटलावर विजेचा दाब तयार होतो. हृदयाच्या स्नायूपेशीत, दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत, तो उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. आकडा लहान वाटतो, पण प्रत्येक ठोका त्याच्यावरच अवलंबून असतो.

इन्सुलिन या पंपालाही चालना देतं. ते नसलं की पंप मंदावतो. दुसरीकडे साखरेने दाट झालेलं रक्त पेशींमधलं पाणी खेचून घेतं आणि त्याच्याबरोबर पोटॅशियमही बाहेर येतं. बाहेर आलेलं बरंचसं पोटॅशियम लघवीतून आणि उलट्यांतून निघून जातं.

म्हणजे घरातलं सामान अंगणात येऊन पडलंय आणि अंगणातून ते वाहून चाललंय. रक्ताची तपासणी फक्त अंगण बघते. त्यामुळे रिपोर्टमध्ये पोटॅशियम नॉर्मल, कधी कधी तर जास्तच दिसतं. प्रत्यक्षात वजनाच्या दर किलोमागे ३ ते ५ मिलिमोलची तूट असू शकते. ६० किलोच्या माणसात ही तूट १८० ते ३०० मिलिमोल होते, तर पेशींबाहेरचं एकूण पोटॅशियम जेमतेम ५०-६०.

इन्सुलिन दिल्यावर

इन्सुलिन मिळताच पंप जोरात सुरू होतो आणि पोटॅशियम पेशींमध्ये घुसतं. अंगण बघता बघता ओस पडतं.

रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर पटलावरचा दाब कमी होतो, सोडियमची दारं नीट उघडत नाहीत आणि विजेची लाट रेंगाळते. ईसीजीवर 'टी' लाटा उंच, टोकदार दिसतात. पोटॅशियम फार घटलं तर उलटा त्रास होतो. ठोका संपल्यावर पेशीला पुन्हा तयार व्हायला उशीर लागतो, 'टी' लाट सपाट होते आणि मध्येच भलते ठोके पडू लागतात. श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात.

इन्सुलिन माणसावर पहिल्यांदा १९२२ मध्ये टोरांटोत वापरलं गेलं. डीकेएच्या उपचारादरम्यान पोटॅशियम घसरतं याकडे मात्र डॉक्टरांचं नीट लक्ष जायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आज नियम स्पष्ट आहे. पोटॅशियम साधारण ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम द्यायचं. ५ च्या वर असेल तर वरून पोटॅशियम द्यायचं नाही, पण दर दोनेक तासांनी तपासत राहायचं. मधल्या आकड्यांना, लघवी नीट होत असेल तर, दोन्ही सोबत चालतं.

घरी मात्र गोंधळ वेगळाच होतो. लहान मुलांमध्ये पोटदुखी आणि उलट्या अॅसिडिटी म्हणून सोडून दिल्या जातात. मधुमेह आधीच माहीत असलेलं मूल आजारपणात जेवत नाही म्हणून घरचे इन्सुलिनच बंद करतात. खरं तर तापात, संसर्गात शरीराला इन्सुलिन बहुतेकदा जास्त लागतं. डोस कमी-जास्त करायचा तर डॉक्टरांना विचारून, पण टाइप १ मध्ये तो पूर्ण बंद करणं म्हणजे डीकेएला आमंत्रण.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या काही जणांमध्ये तर साखर २०० च्या आसपास असतानाही डीकेए होतो. तिथे ग्लुकोमीटरचा आकडा फसवतो, कीटोनच तपासावे लागतात.