सुज्ञता : शांतीची वाट दाखविणारा सद्गुण

'सुज्ञता' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांना सावधपणा किंवा बोटचेपेपणा आठवतो. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र वेगळी आहे. सुज्ञता, न्याय, धैर्य व संयम ह्या चार प्रमुख सद्गुणांत संत थॉमस अक्वायनस ह्यांनी सुज्ञतेला अग्रस्थान दिले. चांगले काय हे ओळखून ते साधण्याचा योग्य मार्ग निवडणे, म्हणजे सुज्ञता. राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांत तिचे मोल किती, हे एका घटनेवरून आपण पाहू.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला असलेल्या बीगल सामुद्रधुनीतील पिक्टन, लेनॉक्स व नुएवा ह्या तीन बेटांवरून अर्जेंटिना व चिली ह्या दोन कॅथलिकबहुल देशांत जुना वाद होता. १९७७ साली लवादाने बेटे चिलीला दिली. जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाने तो निवाडा धुडकावला. दोन्हीकडे लष्करी राजवट होती. त्याच वर्षी नाताळच्या तोंडावर सैन्ये समोरासमोर ठाकली.

पोप जॉन पॉल दुसरे ह्यांना पोपपदी येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी वयोवृद्ध कार्डिनल अंतोनियो सामोरे ह्यांना दूत म्हणून धाडले. बेटे कोणाची, ह्याचा निर्णय देण्याची घाई कार्डिनलमहोदयांनी केली नाही. आधी शस्त्रे थांबावीत, ह्यासाठी त्यांनी दोन्ही राजधान्यांत बोलणी केली. ८ जानेवारी १९७९ रोजी माँटेव्हिडिओ येथे दोन्ही देशांनी बळाचा वापर न करण्याचे वचन दिले व पोपमहोदयांची मध्यस्थी मागितली.

पुढची वाट लांबची होती. डिसेंबर १९८० मध्ये पोपमहोदयांनी मांडलेला तोडगा चिलीने स्वीकारला, पण अर्जेंटिनाने स्वीकारला नाही. तरीही संवादाचे दार बंद झाले नाही. १९८३ साली कार्डिनल सामोरे निवर्तले. त्याच वर्षाअखेरीस अर्जेंटिनात लोकशाही परतली आणि २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये शांती व मैत्रीच्या करारावर सह्या झाल्या. बेटे चिलीकडे राहिली, मात्र सागरी हद्दीबाबत चिलीनेही मुरड घातली.

येथे सुज्ञता म्हणजे सत्याशी तडजोड नव्हती. आधी काय व नंतर काय, ह्याचे ते भान होते. रक्त सांडल्यावर न्यायनिवाडा मिळूनही मेलेले परत येत नाहीत. शेताच्या बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतही हाच क्रम उपयोगी पडेल : आधी हात आवरावा, मग ऐकून घ्यावे आणि शेवटी निवाडा करावा. आज युद्धाच्या छायेत असलेल्या राष्ट्रांच्या नेत्यांना हीच सुज्ञता लाभावी, म्हणून आपण प्रार्थना करू या.