स्टुडिओंची जमीन आणि कामगारांची रोजी

चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला सप्टेंबर 2017 मध्ये आग लागली. तो पुन्हा उभारणे परवडणार नाही, असा निष्कर्ष कपूर कुटुंबाने काढला आणि 2019 मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीज या बांधकाम कंपनीकडे गेली. रसिकांनी हळहळ पुष्कळ व्यक्त केली. परंतु हळहळीने हिशेब बदलत नाही.

वास्तविक चित्रपटधंदा उपनगरांत आला तोच मुळी स्वस्त जमिनीमुळे. 1934 मध्ये हिमांशू राय यांनी बॉम्बे टॉकीजसाठी मालाड निवडले; 1943 मध्ये तिच्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी गोरेगावात फिल्मिस्तान काढले. शहराच्या गोंगाटापासून दूर, पण रेल्वेच्या जवळ, विस्तीर्ण आवार माफक दरात मिळत असे. नटांपासून सुतारांपर्यंत सारे स्टुडिओचे मासिक पगारी नोकर असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काळा पैसा या धंद्यात शिरला, नटनट्यांना एकेका चित्रपटासाठी भरमसाट रकमा मिळू लागल्या आणि ही पगारी व्यवस्था कोलमडली. चित्रपट निर्माण करणारा स्टुडिओ हळूहळू जागा भाड्याने देणारा घरमालक बनला.

अर्थशास्त्रातील 'वैकल्पिक खर्च' ही कल्पना येथे लागू पडते. जमीन एका कामाला लावली, की दुसऱ्या कामातून मिळू शकणाऱ्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागते. चित्रीकरणाच्या पाळीचे भाडे आणि सदनिकांचा चौरस फुटाचा दर यांची तुलना करून मालकाने विक्रीचा मार्ग धरला, तर त्याला दोष कसा द्यावा? 2025 मध्ये फिल्मिस्तानही 183 कोटी रुपयांना एका बांधकाम कंपनीने घेतले, ते याच न्यायाने.

मात्र मालकाच्या वहीत जे नोंदले जात नाही, ते समाजाच्या वहीत नोंदले गेले पाहिजे. लाइटमन, स्पॉटबॉय, सुतार, रंगारी यांची रोजी पाळीवर अवलंबून असते. अंधेरी-गोरेगावचे काम वसई-नायगावकडे सरकले, की प्रवासाचे तास वाढतात. त्या तासांची मजुरी कोणी देत नाही. 1981 च्या सिनेकामगार कायद्याने लेखी करार आवश्यक ठरविला. ते संरक्षण आता 2020 च्या श्रमसंहितेत समाविष्ट आहे. परंतु ज्याचा मालक चित्रपटागणिक बदलतो, त्या कामगाराने करार मागण्याचे धाडस करावे तरी कसे?

या संदर्भात पुण्याचे उदाहरण बोलके आहे. प्रभात 1953 मध्ये बंद पडली, पण तिच्या आवारात 1960 मध्ये सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू केली. कंपनी गेली, तरी जागा चित्रपटाच्याच कामी राहिली, कारण ती जमिनीच्या बाजारातून बाहेर काढली गेली.

गोरेगावची चित्रनगरी 1977 पासून अशीच शासनाच्या हाती आहे. पाचशेहून अधिक एकरांच्या या जागेचे यश केवळ जमा होणाऱ्या भाड्यावर मोजणे म्हणजे खाजगी मालकाचाच हिशेब सरकारने गिरविणे होय. तेथे वर्षाकाठी किती कामगारांना किती दिवस काम मिळाले, हा निकष प्रथम हवा. आणि कामगारांचे लेखी करार दाखविल्याखेरीज कोणत्याही निर्मात्याला जागा मिळता कामा नये. जो कामगार एकटा करार मागू शकत नाही, त्याच्या वतीने निदान जागेच्या मालकाने तो मागावा. येथे तो मालक शासन आहे.