चिप बारीक झाली तर गेम पळतो का?

"काका, चिप बारीक झाली तं गेम फास्ट चालते का?" पुतण्याने विचारलं, तेव्हा त्याच्या मोबाइलवर दोन जुन्या प्लेस्टेशन-४ चे फोटो होते. एक २०१३ च्या बनावटीचा, जाडजूड. दुसरा २०१६ चा, सडपातळ, ज्याला सगळे ‘स्लिम’ म्हणतात. स्लिमवाला दोन हजार रुपये जास्त मागत होता आणि कारण सांगत होता की आतली चिप नवी आणि छोटी आहे, त्यामुळे गेम सुसाट पळतात.

मी पुतण्याला म्हटलं, गेम तेवढाच पळेल. तरी आपल्या राजूरच्या उन्हात वापरायचा असेल तर स्लिमच घे. ही दोन वाक्यं त्याला एकमेकांच्या उलटी वाटली. ती तशी का नाहीत, ते समजून घेण्यासारखं आहे.

माझ्या पिढीने याचा अनुभव नकळत घेतलेला आहे. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जो ‘टीव्ही गेम’ होता, पिवळ्या कॅसेटी घालून खेळायचा, तो १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. मूळ यंत्रात हिशेब करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी. आमचा बंद पडलेला डबा मी एकदा उघडला, तर आत एका पट्टीवर डांबरासारखा काळा गोल ठिपका, बाकी जवळजवळ काही नाही. मूळच्या दोन्ही चिपांचं काम त्या ठिपक्याखालच्या एकाच तुकड्यात कोंबलेलं होतं. इतकं सगळं आकसलं, तरी मारिओच्या अंगात जास्त चपळाई आली नाही. कारण चिप ज्यांच्या तालावर काम करते ते ठोके जुन्या हिशेबानेच ठेवलेले होते, सेकंदाला साधारण अठरा लाख.

चिप म्हणजे कोट्यवधी बारीक बटणं. प्रत्येक बटण म्हणजे एक ट्रान्झिस्टर. ते चालू-बंद होताना थोडा विद्युतभार भरतं आणि रिकामं होतं. रांजण भरायला वेळही लागतो आणि पाणीही. तांब्या पटकन भरतो आणि थोडक्यात भरतो. ट्रान्झिस्टर लहान केला की रांजणाचा तांब्या होतो: एका ठोक्याला कमी वीज लागते, म्हणून उष्णताही कमी. या बचतीचं काय करायचं हे मात्र चिप ठरवत नाही, ते यंत्र बनवणारा ठरवतो. वीज वाचवून गप्प बसायचं, की वाचलेली वीज जास्त ठोक्यांवर आणि जास्त बटणांवर खर्च करायची?

सोनीने २०१६ साली हे दोन्ही रस्ते एकाच वेळी धरले, म्हणून मला ते उदाहरण फार आवडतं. मूळ प्लेस्टेशन-४ ची चिप २८ नॅनोमीटर पद्धतीची. त्या वर्षी ती १६ नॅनोमीटरवर, म्हणजे आणखी बारीक पद्धतीवर, आली आणि दोन भावंडं जन्मली. स्लिममध्ये ठोके तेच, सेकंदाला १.६ अब्ज, आणि चित्र काढण्याची ताकदही तीच. पण यंत्रावर लिहिलेली कमाल वीज २५० वॅटवरून १६५ वॅटवर उतरली. दुसरा भाऊ ‘प्रो’. त्यात चित्र काढणारे विभाग १८ चे ३६ केले, ठोके २.१ अब्जांवर नेले, ताकद दुपटीहून जास्त झाली. त्याची कमाल वीज ३१० वॅट. दोघांची चिप एकाच पद्धतीची. पहिल्याने बचत खिशात ठेवली, दुसऱ्याने ती खर्च करून वर आणखी घेतली.

ताकद आयती मिळत असताना स्लिमला ती का दिली नाही? कारण कन्सोलचं सगळं वचनच एकसारखेपणाचं असतं. गेम लिहिणारा एकाच यंत्रावर तपासतो आणि तो लाखो घरांत तसाच चालायला हवा. वेग मध्येच बदलला तर काय होतं, हे १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये दिसलं. त्यात शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने धावतात. कारण साधं आहे: चित्रं कमी उरली की त्या काळच्या प्रोसेसरचं ओझं हलकं व्हायचं. तिथे ते खेळाला पोषक ठरलं. दुसऱ्या एखाद्या गेममध्ये त्यानेच गोंधळ होईल. मायक्रोसॉफ्टने तर २०१० च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये कमाल केली. आधी वेगळ्या असलेल्या दोन चिपा एका तुकड्यात आणल्या. शेजारी आल्यामुळे त्यांच्यातला निरोप लवकर पोचू लागला असता, म्हणून तो पूर्वीइतक्याच वेळात पोचावा यासाठी मुद्दाम एक वेगळा भाग बसवला. काही ठिकाणी थोडी सूट मिळते. २०१६ च्या एक्सबॉक्स वन एस मध्ये चित्रविभागाचे ठोके सुमारे ७ टक्क्यांनी वाढवले होते. पण अशा सुटीवर कुणी पैसे मोजू नयेत.

चिप वेगवान असली तरी तो वेग डोळ्यांना दिसेलच असं नाही. गेम सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं दाखवतो. ६० चित्रांच्या गेममध्ये एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. वणीच्या एसटी स्टँडवर तुम्ही दहा मिनिटं आधी पोचलात म्हणून गाडी आधी सुटत नाही. एक मिनिट उशीर झाला तर मात्र पुढच्या गाडीची वाट बघावी लागते. चिपने चित्र १२ मिलिसेकंदांत काढलं तरी ते १६.७ लाच पडद्यावर येतं. म्हणजे वेगवान चिपचा उपयोग, ज्या गेमची गाडी वारंवार चुकते, तिथेच होतो. प्लेस्टेशन-५ वर गेम चटकन उघडतो, त्याचं मोठं श्रेयही चिपच्या बारीकपणाचं नाही. फिरत्या हार्डडिस्कच्या जागी सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आली, त्याचं आहे.

एक काळ असा होता की बारीक चिप म्हणजे वेगवान चिप हे समीकरण खरंच होतं. रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ट्रान्झिस्टरबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत उष्णता न वाढवता ठोके वाढवता येतात. २००५ च्या आसपास हे गणित अडलं. इतक्या बारीक बटणांतून ती बंद असतानाही वीज झिरपू लागली, त्यामुळे व्होल्टेज आणखी उतरवता येईना. परिणाम बघा. २००६ च्या प्लेस्टेशन-३ ची चिप ९० नॅनोमीटरची, ठोके ३.२ अब्ज. २०२० च्या प्लेस्टेशन-५ ची ७ नॅनोमीटरची, ठोके जास्तीत जास्त ३.५ अब्ज. चौदा वर्षांत एवढीच वाढ! खरी प्रगती झाली ती एका ठोक्यात होणाऱ्या कामात. हे नॅनोमीटरचे आकडेही आता मोजमापापेक्षा पिढीचं नाव म्हणूनच वाचावेत.

आता राजूर. वणी तालुक्यातलं, कोळसा आणि चुनखडीचं आमचं गाव. चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी धूळ आणि कोळशाची काळी, दोन्ही घरात येतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. प्लेस्टेशन-४ च्या माहितीपुस्तिकेत वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं आहे. चिपची उष्णता हवेत जाते ती दोघांच्या तापमानातल्या फरकामुळे. चिप ७५ अंशांवर आणि खोली २५ वर असेल तर फरक ५० चा. खोली ४३ वर गेली की उरतो ३२. तेवढीच उष्णता बाहेर टाकायची तर पंख्याला जीव तोडून फिरावं लागतं. मोबाइल तापला की स्वतःच मंदावतो. प्लेस्टेशन-४ तसा मंदावत नाही. पंखा ओरडत राहतो, मग पडद्यावर सूचना येते आणि यंत्र बंद होतं.

म्हणून पुतण्याला स्लिम घ्यायला सांगितलं. त्यातून उष्णताच कमी निघते, पंख्यावर ताण कमी, लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ओझं कमी. दोन हजार द्यायचे ते यासाठी द्यावेत. ज्याला खरोखर जास्त ताकद हवी त्याने प्रो बघावा, पण त्याच्या ३१० वॅटची सोय लावून. आणि कुठलंही यंत्र घेतलं तरी ते शोकेसच्या काचेआड ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा, दर महिन्याला यंत्र बंद करून जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने काढा. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच खेळू नका.