नवे प्रतिजैविक येईपर्यंत

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एकोणऐंशी वर्षांचे एक निवृत्त शिक्षक मुलाच्या आधाराने माझ्या दवाखान्यात आले. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते. दोन दिवसांपासून लघवीला जळजळ, रात्री हुडहुडी भरून ताप आणि त्या सकाळपासून असंबद्ध बोलणे. मागच्या आजारातील चार गोळ्या घरात शिल्लक होत्या. त्या मुलाने देऊन पाहिल्या होत्या. मी त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवले. तिसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरचा अहवाल आला. या अहवालात औषधाच्या नावापुढे ‘एस’ असेल तर त्या जिवाणूवर ते औषध चालते आणि ‘आर’ असेल तर चालत नाही. गुरुजींच्या अहवालात तोंडाने घेण्याच्या प्रत्येक औषधापुढे ‘आर’ होता. शिरेतून देण्याच्या मोजक्या औषधांपुढे तेवढा ‘एस’ उरला होता.

‘‘डॉक्टर, विज्ञान एवढे पुढे गेले, मग यावर नवी गोळी का निघत नाही?’’ मुलाने विचारले. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

मातीतील औषधशाळा

आपण वापरतो त्यांपैकी बरीच प्रतिजैविके मुळात सूक्ष्मजीवांनी एकमेकांविरुद्ध तयार केलेली अस्त्रे आहेत. 1928 मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीत पेनिसिलिन आढळले. 1943 मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मातीतील जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले आणि क्षयरोगावर पहिले प्रभावी प्रतिजैविक हाती आले. महाराष्ट्रही या शोधापासून दूर नव्हता. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातील संशोधकांनी मातीतील एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीनाशक शोधले. त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरिना’ हा शब्द आजही आहे.

पुढे मात्र हा झरा आटू लागला. तीच ती औषधे पुन्हा पुन्हा सापडू लागली. मातीतील सुमारे नव्व्याण्णव टक्के जिवाणू प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीत वाढतच नाहीत, ही खरी अडचण होती. अमेरिकेतील बोस्टन येथील नॉर्थईस्टर्न विद्यापीठात किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांनी त्यावर साधी वाटणारी युक्ती काढली. बारीक छिद्रांच्या एका पट्टीत एकेक जिवाणू ठेवायचा, दोन्ही बाजूंनी झिरपणारा पातळ पडदा लावायचा आणि ती पट्टी पुन्हा मातीतच पुरायची. जिवाणूला घरचेच अन्न मिळते, म्हणून तो वाढतो. अशा रीतीने सुमारे दहा हजार जिवाणू तपासल्यावर टेक्सोबॅक्टिन हे नवे संयुग मिळाले. 2015 च्या जानेवारीत ते जगापुढे आले.

वीट, गवंडी आणि कात्री

जिवाणूभोवती एक भिंत असते. पेनिसिलिन ती भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधते. जिवाणू काही काळाने गवंडीच बदलतो आणि औषध निकामी होते. टेक्सोबॅक्टिन गवंड्याला न धरता विटेलाच धरते. वीट बदलणे जिवाणूला फार कठीण असते, म्हणून या संयुगाकडून मोठी आशा आहे.

मग ते गुरुजींना का मिळू नये? याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे, प्रयोगशाळेत सापडलेले संयुग माणसासाठी सुरक्षित ठरायला आणि औषध म्हणून मान्यता मिळायला बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. टेक्सोबॅक्टिन अजून औषधाच्या दुकानात आलेले नाही. दुसरे कारण जिवाणूच्या रचनेत आहे. वृद्धांच्या मूत्रसंसर्गात सर्वाधिक आढळणारा जिवाणू ई. कोलाय. त्याच्या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते आणि टेक्सोबॅक्टिनचा मोठा रेणू त्यातून आत शिरू शकत नाही.

ई. कोलायजवळ आणखी एक हत्यार असू शकते. ते म्हणजे पेनिसिलिनच्या कुळातील औषधांचे तुकडे करणारी रासायनिक कात्री. ही कात्री निकामी करणाऱ्या एका संयुगाचा शोध चेन्नईच्या ऑर्किड फार्मा कंपनीत लागला. त्याचे नाव एन्मेटाझोबॅक्टम. सेफेपिम या जुन्या औषधाच्या जोडीने, गुंतागुंतीच्या मूत्रसंसर्गासाठी त्याला 2024 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हे औषध शिरेतूनच द्यावे लागते आणि कात्रीचे सगळे प्रकार त्याला रोखता येत नाहीत. तेव्हा नवे औषध आले तरी ते जपूनच वापरावे लागणार.

हा प्रश्न वृद्धांचा का?

1990 ते 2021 या काळातील जगभरच्या मृत्यूंचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे होणारे पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू या काळात निम्म्याहून अधिक घटले. सत्तरीपुढील लोकांमधील असे मृत्यू मात्र ऐंशी टक्क्यांहून अधिक वाढले. वाढत्या वयात प्रतिकारशक्ती मंदावते, रुग्णालयाच्या फेऱ्या वाढतात आणि आयुष्यभरात घेतलेल्या प्रतिजैविकांची संख्याही मोठी असते.

एक कबुली

या शेवटच्या मुद्द्यात माझाही वाटा आहे. दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या नेहमीच्या तपासणीत लघवीत जिवाणू आढळले होते. त्यांना जळजळ नव्हती, ताप नव्हता, कसलीच तक्रार नव्हती. तरीही घरच्यांची चिंता पाहून मी प्रतिजैविक लिहून दिले. त्या वर्षात असे तीनदा घडले. उतारवयात लघवीत तक्रारीविना जिवाणू असणे ही सामान्य गोष्ट आहे. महिनाभर लघवीची नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ते सापडतात. मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रियांपूर्वीचा अपवाद सोडला, तर अशा वृद्धांना औषधाचा लाभ होत नाही. उलट चिवट जिवाणूंना मोकळे रान मिळते. हे मला ठाऊक होते. ‘औषधाची गरज नाही’ हे समजावून सांगायला दहा मिनिटे लागली असती आणि गोळी लिहायला अर्धे मिनिट पुरले. त्या तीन कोर्समुळेच पुढचा अहवाल तसा आला, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण त्यांचा त्यात हातभार नव्हता, असेही म्हणवत नाही.

घरी काय पाळावे?

कोणतीही तक्रार नसताना केवळ अहवालात जिवाणू दिसले, म्हणून औषधाचा आग्रह धरू नये. मात्र थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, पाठीत किंवा ओटीपोटात दुखणे, लघवी कमी होणे, धाप लागणे, अचानक गोंधळलेपण किंवा झापड यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वृद्धांत गंभीर संसर्ग असूनही ताप नसू शकतो.

कल्चरसाठी नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी द्यावा. स्वच्छता करून, सुरुवातीची धार सोडून, मधली लघवी निर्जंतुक डबीत धरावी आणि दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावी. निकालाला दोन-तीन दिवस लागतात, कारण जिवाणूंना वाढायला वेळ द्यावा लागतो.

उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी राखून ठेवू नयेत आणि शेजाऱ्यालाही देऊ नयेत. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स स्वतःहून कमी किंवा जास्त करू नये. वृद्धांत औषधाची मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यावर ठरते. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा अहवाल जवळ असावा. फ्लू आणि न्यूमोकोकस यांच्या लशींबद्दल अवश्य विचारावे. टळलेला आजार म्हणजे टळलेले प्रतिजैविक.

आणि एक वही ठेवावी. कोणते प्रतिजैविक, कोणत्या तारखेला, किती दिवस, कशासाठी घेतले, एवढेच तीत लिहावे. जुने कल्चर अहवालही तीतच चिकटवावेत. अत्यवस्थ रुग्णापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरला ही वही फार मोलाची ठरते.

गुरुजी सात दिवसांच्या इंजेक्शनांनी बरे झाले. ते औषध नवे नव्हते. अनेक वर्षांपासून वापरात असलेले होते. त्यांच्या बाबतीत ते अजून निकामी झाले नव्हते, एवढेच. मागच्या महिन्यात ते स्वतः चालत आले. हातात वही होती आणि एका आरोग्य शिबिरातील अहवाल होता. लघवीत जिवाणू, तक्रार काहीच नाही. ‘‘औषध नको ना, डॉक्टर?’’ त्यांनीच विचारले. मी त्यांना समोर बसवून घेतले आणि राहिलेली ती दहा मिनिटे बोललो. चिठ्ठीवर फक्त पुढच्या भेटीची तारीख लिहिली.