खतावणीची जुनी पाने आणि दहावीचे पुस्तक

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रहिमतपूरसारख्या पेठेच्या गावात काही घरांतून आजही वहीपूजन होते. हिशेब संगणकावर गेले, जीएसटीचे विवरणपत्र सनदी लेखापालाच्या कार्यालयातून भरले जाते, तरी लाल कापडी बांधणीची एक नवी वही पाटावर मांडली जाते, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघते आणि पहिल्या पानावर गौतमस्वामींचे स्मरण लिहिले जाते. दुसऱ्या दिवशी वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते. अशा घरातील दहावीतला मुलगा या पूजेला बसतो आणि सकाळी पुन्हा इतिहासाच्या पुस्तकातील सनावळ्या पाठ करू लागतो. समोरची वही आणि हातातील पुस्तक यांचा काही संबंध आहे, असे त्याला सहसा कोणी सांगितलेले नसते.

वस्तुतः महाराष्ट्र शासनाच्या दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पुस्तकात ‘उपयोजित इतिहास’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. भूतकाळाचे ज्ञान वर्तमानातील प्रश्नांसाठी कसे वापरावे, हाच त्याचा विषय. त्याच पुस्तकाच्या उत्तरार्धात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने येतात. इतिहास आणि राजकारण एकाच पुठ्ठ्यात बांधले, ही योजना उत्तम आहे. मात्र परीक्षेच्या घाईत दोन्ही भाग वेगवेगळे पाठ होतात आणि गुण मिळाले की पुस्तक रद्दीत जाते. व्यापारी घरांत तर इतिहास हा ‘गुण मिळवून देणारा’ विषय, गणित आणि लेखाशास्त्र हे ‘कामाचे’ विषय, अशी विभागणी पक्की झालेली आहे. ती किती अपुरी आहे हे दाखविण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. ते या भागातलेच आहे, आणि व्यापारी समाजाला थोडे अवघड वाटणारे आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारात आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांची मुख्य मागणी पैशाची किंवा धान्याची नव्हती. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खतावण्या. ती मिळाली की गावाच्या मध्यभागी जाळली जात. जेथे कागद मुकाट्याने हाती आले, तेथे माणसांना फारशी इजा झाली नाही. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, नऊशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात तत्कालीन सातारा जिल्ह्यातील कुकरूड येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात, असाच एक प्रकार घडला. इतिहासात यांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. राष्ट्रीय पातळीवरील बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांवर सविस्तर लिहिले आहे.

ज्या घराण्याच्या तीन-चार पिढ्या पेठेत गेल्या, त्या घरातील मुलगी हा पाठ वाचताना काय विचार करील? वर्गातील एखादी मैत्रीण ‘तुमचे पूर्वजच ना ते?’ असे सहज विचारून जाईल. घरी आल्यावर तिला दोनपैकी एक उत्तर मिळण्याचा संभव असतो. पहिले, ‘सोडून दे, जुन्या गोष्टी आहेत.’ दुसरे, ‘आपण होतो म्हणून शेतकऱ्याची पेरणी झाली.’ पहिल्या उत्तरात इतिहास झाकला जातो. दुसऱ्यात अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर हिशेब कधी जुळत नाही, हे पेढीवर बसणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पूर्ण जमाखर्च मांडायचा तर अमेरिकेपासून सुरुवात करावी लागते. तेथील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले, सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले, शेतकऱ्याने ते घेतले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्याच सुमारास सरकारने जमीनमहसुलाची फेरआकारणी करून सारा वाढविला. पाऊस पडो न पडो, तो रोख भरावा लागे. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांचे केले. ऋणकोला संरक्षण मिळावे, हा त्यामागील हेतू. परिणाम नेमका उलटा झाला. मुदत संपण्यापूर्वी सावकार जुन्या मुद्दलात व्याज मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला.

येथे मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांत व्याज बहात्तर. नवा रोखा एकशे बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे दोनशे शहाण्णवांचा होतो, आणि नवव्या वर्षाअखेर पाचशे नऊच्या घरात जातो. आपल्याकडील जुना दामदुपटीचा नियम सांगत होता की, व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये. म्हणजे एकूण येणे दोनशेच्या वर जाऊ नये. नवा रोखा झाला की व्याजाचेच मुद्दल बनते आणि दामदुपट कागदावरच राहते. हा आकडा स्वतःच्या हाताने काढलेल्या मुलाला दंगेखोरांनी नेमके रोखेच का जाळले, हे शिक्षकाने समजावण्याची गरज उरत नाही. त्याचबरोबर साऱ्याचा वाढीव आकडा शेजारी मांडला, तर सावकाराच्या मागे उभे असलेले सरकारही त्याला दिसते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाच्या अहवालात सावकारावर बराच भर आहे. अहवाल कोणी लिहिला आणि त्यात कोणाला झुकते माप मिळाले, हे विचारणे हासुद्धा इतिहासाचाच धडा आहे.

या घटनेतून १८७९ चा ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ जन्मला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. रहिमतपूरची पेठही त्याच्या कक्षेत आली. न्यायालयाने केवळ रोख्यावर न जाता मूळ व्यवहाराचा इतिहास तपासावा, कर्जासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकू नये, सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा आणि मागितल्यास पासबुक द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. आज बँकेच्या खिडकीवर निमूटपणे छापून मिळणाऱ्या पासबुकामागे कोणाचा तरी असंतोष आहे, हे किती खातेदारांना ठाऊक असेल!

आता वर्तमानात यावे. २००८ मध्ये केंद्राने आणि २०१७ व २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतकरी कर्जमाफी जाहीर केली. प्रत्येक निवडणुकीत हा शब्द फिरत राहतो, आणि घराघरांत त्यावर दोन ठरलेली मते ऐकू येतात. १८७५ चे प्रकरण समजलेला विद्यार्थी निराळे प्रश्न विचारतो. माफी मुख्यतः बँका आणि सहकारी सोसायट्यांच्या कर्जाला मिळते. मग ज्याने खासगीत उचल घेतली त्याचे काय? भाव कोसळला की कर्ज थकते. तर उपाय कर्जावर करावा की भावावर? कोरेगाव तालुक्यात आले आणि घेवडा पिकविणाऱ्यांना या प्रश्नाचा अर्थ पुस्तकाविना कळतो. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने सावकाराला परवाना सक्तीचा केला आणि व्याज मुद्दलाहून अधिक वसूल न करण्याचे बंधन घातले. जुनी दामदुपट अशी पुन्हा कायद्यात आली. दुसरीकडे मोबाइलवर काही मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स आली आणि रिझर्व्ह बँकेला २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. रोखा गेला, अंगठा गेला, ‘मला अटी मान्य आहेत’ हे बटण आले. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने ते बटण दाबण्यापूर्वी वरील नऊ वर्षांचा हिशेब आठवला तरी पुष्कळ.

जैन घरातील मुलांना या विषयाची आणखी एक वाट उपलब्ध आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे आणि ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव बुडविणे यांची गणना आहे. अचौर्याच्या अतिचारांत खोटी वजने-मापे आहेत. पाठशाळेत ही नावे मुले तोंडपाठ म्हणतात. व्यापाऱ्यांनी वसलेल्या समाजासाठी आचार्यांनी नेमके हेच दोष का निवडले असतील, हा प्रश्न पाठशाळेतच विचारला गेला, तर व्रत आणि वही एकमेकांजवळ येतील.

आणि समाजाच्या वहीत केवळ नावेच आहे असे नाही, जमाही भरघोस आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे कोल्हापुरातील पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास सोसला, साक्ष दिली नाही. किर्लोस्करांच्या नांगराची विक्री करीत ते गावोगाव फिरले. म्हणजे तेही एका अर्थी व्यापारातलेच. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे छात्रालय त्यांनी उभे केले. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. जयंतीला हार घालताना भाऊराव ‘आपले’ असतात. त्यांना बोर्डिंग का सोडावे लागले, हे मात्र भाषणात क्वचित येते. मुलांना दोन्ही सांगावे. शाळेत आज कोणाशेजारी कोण डबा उघडतो, याकडे मग ती स्वतःच पाहू लागतात.

रहिमतपुरात तर इतिहास शिकविण्यासाठी बस ठरवावी लागत नाही. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याची कबर गावात आहे. कमंडलू नदी आहे. जिल्ह्यातील जुन्या नगरपालिकांपैकी एक येथे आहे. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर येथेच १९२० मध्ये जन्मले. ते नाटक १९६२ चे. शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातील ताण रंगमंचावर उभा करताना नाटककाराने कोठे कागदाचा आधार घेतला आणि कोठे कल्पनेचा, हे शोधण्याचा खेळ वर्गात चांगला रंगतो. त्याच मुलांपुढे मग मोबाइलवर फिरणारा एखादा ‘दडपलेला इतिहास’ ठेवावा आणि विचारावे: हे कोणी लिहिले, केव्हा, कशावरून? ज्या घरात कच्ची पावती दाखवली तर आजोबा बिल मागतात, त्या घरातील मुलाला पुरावा मागायला शिकविणे अवघड जाऊ नये.

कित्येक घरांच्या माळ्यावर जुन्या खतावण्या अजून आहेत. काही वाळवीने खाल्ल्या, काही मोडीत असल्यामुळे कोणी उघडत नाही, काही ‘नको ते निघेल’ म्हणून बांधून ठेवल्या आहेत. येत्या वहीपूजनाला त्यांतील एक खाली उतरवावी. १९५७ पूर्वीची असेल तर रकमा रुपये-आणे-पैंत सापडतील. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा या हिशेबाने एका पानाची बेरीज मुलांकडून करून घ्यावी. मग खातेदारांची नावे, गावे आणि व्याजाचा दर वाचावा. त्या खातेदारांपैकी एखाद्याचा पणतू त्याच शाळेत, कदाचित त्याच बाकावर बसत असेल.