बोली मोबाइलात धरा, नोंदवहीत उतरवा

'नाडा' आणि 'सोंदूर' म्हणजे काय, हे घरातल्या शाळकरी पोराला विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर येणार नाही. दोष पोराचा नाही. विहिरीवर विजेची मोटर बसली, मोट गेली, तिचे दोरही गेले अन् शब्दही. त्या जागी स्टार्टर, फ्यूज, फूटव्हॉल्व्ह आले आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याच्याही तोंडी बसले. अवजार बदललं की बोली बदलते.

रेडिओ-टीव्हीने वेगळंच केलं. पुणे-साताऱ्याकडची कोळपणी विदर्भात डवरणी होते, खुरपणीचं निंदण होतं. आकाशवाणीवरच्या तज्ज्ञाला दोन्हीकडं बोलायचं असतं, म्हणून तो सगळं 'आंतरमशागती'त घालतो. सल्ला सर्वांना कळतो, हा फायदाच. पण तोच शब्द पुस्तकात अन् परिपत्रकात आला की गावचा शब्द पोरांना अडाणी वाटू लागतो.

यंत्र बोली राखतंही

पिठाची गिरणी आली, जातं थांबलं अन् ओव्याही थांबल्या. मात्र हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' संकेतस्थळावर येत आहेत. जातं बंद पडलं, तरी बाईचा उच्चार, हेल आणि शब्द आज ऐकता येतात.

हे काम गावालाही जमेल. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जैवविविधता समिती असते आणि तिने लोकांना विचारून नोंदवही करायची असते. त्यात वाण, झाडं, गवतं यांची स्थानिक नावं येतात. ही नावं कार्यालयात बसून मिळत नाहीत. गावरान ज्वारीचं नाव गेलं, की ती कोणत्या रानात, कोणत्या नक्षत्रावर पेरायची ही माहितीही हळूहळू जाते.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनो, नोंदवही नुसती भरून मोकळे होऊ नका. जाणत्या माणसाची परवानगी घ्या. मोबाइलवर आधी गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव बोला, मग त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्या. मध्ये शब्द 'सुधारू' नका. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत ठेवा. जाणती माणसं आहेत तोवरच हे होईल.